चिंचोक्यांवरचा पोकर: पैसे न लावता होल्डेम कसा शिकावा

तीन पत्ती मुळीच ठाऊक नाही अशी माणसे खान्देशात थोडीच सापडतील. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात आणि रमी हे खेळ तर मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत, दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही अशा वेळी, आजोबांच्या शेजारी बसूनच शिकतात. पोकर आपल्याकडे या वाटेने आलेला नाही. तो मोबाइलवरच्या जाहिरातींतून आला, आणि त्या जाहिरातींनी त्याची ओळख खेळ म्हणून नव्हे तर घरबसल्या कमाईचे साधन म्हणून करून दिली. त्यामुळे काहींनी नियम नीट समजण्याआधीच त्यात पैसे घातले, आणि ज्यांना पैसे घालायचे नव्हते त्यांनी खेळाकडेच पाठ फिरवली. हा लेख या दुसऱ्या प्रकारच्या वाचकांसाठी आहे.

पैशाशिवाय पोकरला अर्थ नाही, असे सांगणारे तुम्हाला भेटतील, आणि त्यांच्या म्हणण्यात निम्मे तथ्य आहे. चिप्स, म्हणजे पैशाऐवजी डावावर लावायच्या सोंगट्या, हव्या तेवढ्या मिळत असल्या की प्रत्येक जण प्रत्येक डावात शेवटपर्यंत टिकून राहतो, आणि जेथे कोणी पत्ते टाकतच नाही तेथे पोकर शिकता येत नाही. परंतु या दुखण्यावर पैसा हेच औषध आहे, असे मुळीच नाही. चिप्सना बाजारात कवडीची किंमत नसली तरी चालते; त्या मोजक्या असल्या पाहिजेत आणि संपल्यावर पुन्हा मिळता कामा नयेत. अमळनेरच्या आमच्या ओट्यावर एवढी साधी गोष्ट ध्यानात यायला दोन महिने लागले. ते दोन महिने वाचकाचे वाचावेत, यासाठी पुढील रीत क्रमाने देत आहे.

पैज कशाला म्हणायचे, हे पत्ते पिसण्याआधी ठरवा

पैसे लावायचे नाहीत, एवढे म्हणून भागत नाही. हिवाळ्यात शेतात भरिताची पार्टी ठरते, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून होईपर्यंत कोणीतरी पत्ते काढतो, आणि दुसरा कोणी सहज सुचवतो की, हरेल त्याने वांगी-तेलाचा खर्च द्यावा. रक्कम किरकोळ असते आणि मागणी थट्टेची असते. तरीही ही पैजच आहे, आणि ती पहिल्याच बैठकीत नाकारावी. शेवभाजी, चहा, मोबाइलचे रिचार्ज, पुढच्या आठवड्याची उधारी, यांपैकी काहीही डावावर असू नये. खेळाच्या शेवटी एकाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात काहीही जाणार नाही, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. आमच्या घरी तो लिहिल्यामुळेच मोठ्यांनी मुलांना शेजारी बसू दिले.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात जुगाराविरुद्धचा कायदा १८८७ पासून आहे, आणि वर्तमानपत्रांत झन्नामन्नाच्या अड्ड्यांवरील छाप्यांच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्या त्याच कायद्याखालच्या असतात. त्यात कौशल्याच्या खेळांना सूट आहे खरी, पण पोकर त्या सुटीत बसतो की नाही, यावर न्यायालयांत बराच वाद झालेला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने तर पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदीच्या कक्षेत आणले. ज्या खेळात लावायला काहीच नाही, त्याला या वादाशी कर्तव्य नाही.

साहित्य

पत्त्यांचे दोन जोड घ्यावेत आणि त्यांची पाठ वेगवेगळ्या रंगाची असावी. एका जोडातून वाटप चालू असताना दुसरा जोड शेजारच्याने पिसून ठेवला की वेळ वाचतो. रमी खेळणाऱ्या घरात जोकर जोडातच राहून गेलेला असतो, म्हणून आधी ५२ पत्ते मोजून घ्यावेत. शक्यतो प्लॅस्टिकचे पत्ते घ्यावेत. मे महिन्यात पंखा बंद करून खेळणे आपल्या भागात अशक्य आहे, आणि पंख्याखाली हलका कागदी पत्ता उलटला की तो डावच रद्द करावा लागतो.

चिप्स विकत आणण्याची गरज नाही. मक्याचा दाणा एक गुण, चिंचोका पाच गुण आणि कॅरमची सोंगटी पंचवीस गुण, असे मूल्य ठरवावे. प्रत्येकाला वीस दाणे, अकरा चिंचोके आणि एक सोंगटी दिली की बरोबर शंभर गुण होतात. सहा जणांसाठी १२० दाणे, ६६ चिंचोके आणि सहा सोंगट्या पुरतात. शेंगदाणे वापरू नयेत. ते आम्ही वापरून पाहिले आहेत, आणि दुसऱ्या तासापर्यंत पॉटमधला, म्हणजे डावावर लावून मध्ये जमलेल्या ढिगातला, निम्मा माल पोटात गेला होता. याशिवाय वाटणाऱ्याची खूण म्हणून बाटलीचे एक झाकण लागते. त्याला बटण म्हणतात आणि प्रत्येक डावानंतर ते डावीकडे सरकते.

पाच पत्त्यांची चढण

पोकरमध्ये पाच पत्त्यांचा हात धरला जातो, आणि हातांची चढण तोंडपाठ असल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्वांत खाली सुटा हात, म्हणजे ज्यात काहीच जुळत नाही असा. त्यावर एक जोडी. त्यावर दोन जोड्या. त्यावर एकाच किमतीचे तीन पत्ते, ज्याला आपण ट्रेल म्हणतो. त्यावर सिक्वेन्स, म्हणजे ओळीने येणारे पाच पत्ते. त्यावर एकाच रंगाचे पाच पत्ते, म्हणजे आपला कलर आणि पोकरमधला फ्लश. त्यावर फुल हाउस, म्हणजे एक ट्रेल आणि एक जोडी. त्यावर एकाच किमतीचे चारही पत्ते. आणि शेवटी प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, ज्यातला दश्शीपासून एक्क्यापर्यंतचा हात म्हणजे रॉयल फ्लश.

तीन पत्ती येणारा माणूस येथे हमखास अडखळतो, कारण त्याच्या हिशेबी सिक्वेन्स कलरच्या वर असतो आणि येथे तो खाली गेलेला असतो. हा कोणाच्या लहरीचा भाग नाही. ५२ पत्त्यांतून तीन पत्ते २२,१०० प्रकारे निघतात, आणि त्यांत साधे सिक्वेन्स ७२० तर कलर १,०९६ असतात. जे दुर्मिळ ते वरचे, म्हणून तीन पत्तीत सिक्वेन्स वर. पाच पत्ते मात्र २५,९८,९६० प्रकारे निघतात, आणि त्यांत सिक्वेन्स १०,२०० तर फ्लश ५,१०८ असतात. पत्ते दोनाने वाढले आणि पारडे उलटले. जाता जाता सांगायचे तर तीन पत्तीची परंपराही या न्यायाला सर्वत्र जागत नाही, कारण ट्रेल ५२ आणि प्युअर सिक्वेन्स ४८ असूनही आपण ट्रेललाच वर बसवतो.

आणखी तीन सवयी येथे विसराव्या लागतात. इस्पिक, बदाम, चौकट आणि किलवर यांत पोकरमध्ये कोणी मोठे नाही. दोघांचे हात किमतीने सारखे असतील तर पॉट निम्मा-निम्मा वाटला जातो. एक्का-दुर्री-तिर्री हा सिक्वेन्स अनेक घरांत फार वरचा मानतात, पण पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतचा सिक्वेन्स सर्वांत लहान असतो, आणि राजा-एक्का-दुर्री असे वळसा घालून जाणे मुळीच चालत नाही. तिसरी सवय ‘ब्लाइंड’ या शब्दाची. तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पत्ते न पाहता खेळणे. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पत्ते वाटण्याआधी दोघांना सक्तीने ठेवावी लागणारी रक्कम. आमच्याकडे शेजारचे जिभाऊ पहिला आठवडाभर स्वतःचे पत्ते उचलून पाहतच नव्हते, ते याच गैरसमजामुळे.

एक डाव, पहिल्यापासून

जगभर सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार टेक्सास होल्डेम हा आहे, आणि नवख्याने त्यापासूनच सुरुवात करावी. समजा, पाच जण बसले आहेत आणि बटण मामांपुढे आहे. त्यांच्या डावीकडे वहिनी आहेत. त्या लहान ब्लाइंड म्हणून एक दाणा ठेवतात. त्यांच्या डावीकडचे जिभाऊ मोठा ब्लाइंड म्हणून दोन दाणे ठेवतात. त्यानंतर आबा आहेत, आणि आबांनंतर तुम्ही. प्रत्येकाला दोन-दोन पत्ते उपडे मिळतात. तुम्हाला इस्पिक राजा आणि इस्पिक दश्शी आली आहे.

बोलण्याची सुरुवात मोठ्या ब्लाइंडच्या डावीकडून होते. पत्ते टाकणे म्हणजे फोल्ड, समोरच्याने लावले तेवढे देणे म्हणजे कॉल, वाढवणे म्हणजे रेझ, आणि देणे काही नसताना पाळी पुढे सोडणे म्हणजे चेक. एवढ्या चार शब्दांवर सारा खेळ चालतो. आबा फोल्ड करतात. तुम्ही सहापर्यंत रेझ करता. मामा आणि वहिनी फोल्ड करतात, वहिनींचा दाणा पॉटमध्येच राहतो. जिभाऊ आणखी चार देऊन कॉल करतात. पॉटमध्ये आता तेरा आहेत.

वाटणारा वरचा एक पत्ता बाजूला टाकून तीन पत्ते उताणे मांडतो, त्याला फ्लॉप म्हणतात: इस्पिक गुलाम, इस्पिक चव्वी, बदाम दुर्री. हे पत्ते सर्वांचे असतात. येथून पुढे बटणाच्या डावीकडचा, डावात शिल्लक असलेला पहिला माणूस आधी बोलतो. जिभाऊ चेक करतात, तुम्ही सात लावता, जिभाऊ कॉल करतात आणि पॉट सत्तावीसचा होतो. चौथा पत्ता, म्हणजे टर्न, चौकट पंजी निघतो. आता जिभाऊ स्वतःहून तेरा लावतात, आणि तुमच्या हातात इस्पिकचे चार पत्ते असले तरी पाचवा अजून आलेला नाही. या प्रश्नाचे उत्तर पुढे हिशेबाच्या भागात आहे, तोवर डाव येथेच थांबवू.

राहिलेले नियम थोडेच आहेत. पाचवा सामाईक पत्ता म्हणजे रिव्हर. त्यानंतर शेवटची बोली होते आणि उरलेले खेळाडू पत्ते उघडतात. आपले दोन आणि सामाईक पाच अशा सात पत्त्यांतून सर्वांत चांगले पाच निवडायचे असतात. आपले दोन्ही पत्ते वापरण्याची सक्ती नसते. पाचही सामाईक पत्ते सर्वांत मोठे ठरले तर पॉट उरलेल्या खेळाडूंमध्ये समान वाटला जातो. बाकीच्यांनी मध्येच फोल्ड केल्यास उरलेला एकटा न दाखवता पॉट उचलतो. एखाद्याचे गुण कॉलला अपुरे असतील तर तो आहे तेवढे लावून ऑल-इन होतो आणि प्रत्येकाकडून तेवढ्याच रकमेपुरता हक्कदार राहतो. त्यावरचे गुण बाकीच्यांत वेगळ्या पॉटमध्ये चालतात.

पहिल्या तीन बैठका

पहिल्या बैठकीत बोली लावूच नये. प्रत्येकाला दोन पत्ते उताणे वाटावेत, पाच सामाईक पत्ते मांडावेत, आणि कोण जिंकले ते सर्वांनी मिळून ठरवावे. तासाभरात असे चाळीस-पन्नास हात सहज होतात. यात नवख्याच्या दोन चुका लवकर उघड्या पडतात: सामाईक पत्त्यांत चार बदाम असताना आपल्या हातातला एकटा बदाम न दिसणे, आणि दोघांच्या जोड्या सारख्या असताना उरलेल्या मोठ्या पत्त्याने, म्हणजे किकरने, निकाल लागतो हे विसरणे. याच बैठकीत आणखी एक गोष्ट अंगवळणी पडते. तीन पत्तीत जोडी आली की माणूस सावरून बसतो. येथे सात पत्त्यांतून शंभरात सुमारे चव्वेचाळीस वेळा एक जोडी आणि तेवीस-चोवीस वेळा दोन जोड्या होतात, आणि काहीच न जुळण्याची वेळ सतरा-अठरादाच येते. म्हणजे जोडी ही येथे सामान्य रयत आहे.

दुसऱ्या बैठकीत बोली सुरू करावी, पण पत्ते उताणेच ठेवावेत. दुसऱ्याचे पत्ते समोर दिसत असताना कॉल का करायचा आणि फोल्ड का करायचे, हे प्रत्येकाने मोठ्याने सांगावे. कंटाळवाणे वाटते, पण मी पाहिलेल्या नवख्यांपैकी ज्यांनी ही पायरी गाळली त्यांना पुढे महिनाभर बोलीचा क्रमच लागत नव्हता. तिसऱ्या बैठकीपासून पत्ते उपडे.

चिंचोक्याला किंमत कशी आणावी

आमची चूक येथे झाली होती. चिंचोक्यांची पिशवी मध्येच ठेवलेली असे आणि संपले की ज्याने-त्याने मूठभर उचलून घ्यावे, अशी मोकळीक होती. जिभाऊ एकही डाव सोडत नसत, कारण सोडून मिळणार काय होते? वहिनी खरोखर विचार करून खेळत, पण त्यांनी कितीही मोठी रक्कम लावली तरी चौघे जण कॉल करत आणि त्यांतला कोणी तरी रिव्हरला दुर्रीची जोडी जमवून जिंके. दोन महिन्यांनी वहिनींनी सरळ सांगितले की, हा पोकर नाही, ही सोडत आहे.

त्यानंतर आम्ही थैलीचा नियम केला. महिन्यात चार बैठका. प्रत्येकाच्या नावाची एक थैली आणि तीत महिन्याच्या सुरुवातीला तीनशे गुण. बैठकीला बसताना थैलीतून शंभर काढायचे, उठताना उरतील ते परत टाकायचे. थैली रिकामी झाली तर त्या महिन्यात खेळायचे नाही, बाकीच्यांना पत्ते वाटून द्यायचे. महिनाअखेरीस प्रत्येकाची शिल्लक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायची, आणि पुढच्या महिन्यात सर्वांनी पुन्हा तीनशेपासून सुरुवात करायची. पहिल्याच महिन्यात जिभाऊ तिसऱ्या बैठकीला रिकामे झाले आणि त्यांना चौथ्या बैठकीत सगळा वेळ पत्ते वाटत बसावे लागले. पुढच्या महिन्यात त्यांनी पहिल्याच तासात सलग नऊ डाव फोल्ड केले. एक रुपयाही न लागता जे घडायला हवे होते ते घडले.

एकाच संध्याकाळी निकाल हवा असेल तर स्पर्धेचा प्रकार घ्यावा. प्रत्येकाला शंभर गुण, संपले की बाहेर, आणि ब्लाइंड दर वीस मिनिटांनी वाढते: एक-दोन, दोन-चार, तीन-सहा, पाच-दहा, दहा-वीस. सहा जणांचा खेळ साधारण दोन तासांत आटोपतो. यात उणीव एकच की, लवकर बाहेर पडणाऱ्याला शिकायला कमी मिळते, म्हणून अगदी नवख्यांनी थैलीचाच मार्ग धरावा, असे माझे मत आहे.

कोणते पत्ते खेळावेत

५२ पत्त्यांतून दोन पत्त्यांचे हात ५२ गुणिले ५१ भागिले २, म्हणजे १,३२६ होतात. ही मोजणी परकी नाही. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे, आणि त्यांच्या ११५० च्या ‘लीलावती’त सहा रसांतून दोन-दोन निवडले तर पंधरा, तीन-तीन निवडले तर वीस प्रकार होतात, हे ज्या रीतीने काढले आहे तीच ही रीत.

या १,३२६ पैकी ७८ हात जोडीचे असतात, म्हणजे सतरा डावांत सरासरी एकदा हातात जोडी येते. दोन एक्के तर २२१ डावांत एकदा. घरच्या खेळात तासाला पंचवीसएक डाव होतात, त्यावरून चांगल्या पत्त्याची वाट किती पाहावी लागते याचा अंदाज यावा. सुरुवातीला तीनच प्रकार खेळावेत: कोणतीही जोडी, दश्शी किंवा त्यावरचे दोन पत्ते, आणि एक्का व त्याच रंगाचा कोणताही लहान पत्ता. ही बेरीज २७० हातांची होते, म्हणजे पाच डावांत एकदा खेळायचे आणि चारदा सोडायचे. अनुभव वाढला की ही यादी सैल करता येते, आणि ती कोठे सैल करायची हे बसण्याच्या जागेवर ठरते. बटणावर बसलेला फ्लॉपपासून सर्वांत शेवटी बोलतो. चौघांनी काय केले हे पाहून निर्णय घेण्याची सोय त्याला असते. म्हणून बटणावर आणि त्याच्या अलीकडच्या जागेवर थोडे मोकळे खेळावे, आणि आबांसारखे सर्वांत आधी बोलावे लागत असेल तर हात आखडता ठेवावा.

आउट्स आणि पॉटचा हिशेब

आता थांबलेल्या डावाकडे वळू. पॉटमध्ये सत्तावीस होते, जिभाऊंनी तेरा लावले, म्हणजे समोर चाळीस आहेत आणि ते मिळवण्यासाठी तुम्हाला तेरा द्यावे लागतील. दिल्यावर पॉट त्रेपन्नचा होईल. तेरा भागिले त्रेपन्न, म्हणजे शंभरात सुमारे साडेचोवीस. एवढ्या वेळा तरी डाव जिंकता आला पाहिजे, तर कॉल तोट्याचा ठरणार नाही.

जिंकण्याची शक्यता पत्ते मोजून निघते. इस्पिकचे तेरा पत्ते, त्यांतले दोन तुमच्या हातात, दोन समोर, राहिले नऊ. या उपयोगी पत्त्यांना आउट्स म्हणतात. तुम्ही सहा पत्ते पाहिले आहेत, न पाहिलेले शेहेचाळीस. नऊ भागिले शेहेचाळीस म्हणजे शंभरात साडेएकोणीस. लागत होते साडेचोवीस, म्हणून फोल्ड. राजा आला तर जोडी होईल, हे खरे. पण तोवर गप्प राहिलेल्या माणसाने टर्नला अचानक मोठी रक्कम लावली असेल, तर त्याच्याकडे जोडीपेक्षा अधिक काही असण्याचा संभव धरावा आणि राजे पूर्ण आउट्समध्ये मोजू नयेत. जिभाऊंनी तेराऐवजी सहाच लावले असते तर तेहेतीस मिळवण्यासाठी सहा द्यावे लागले असते, म्हणजे शंभरात पंधराच वेळा जिंकणे पुरले असते, आणि त्याच पत्त्यांवर कॉल बरोबर ठरला असता. पत्ते तेच आणि निर्णय उलटा: पोकर तीन पत्तीपेक्षा वेगळा आहे तो येथे.

तोंडी हिशेबासाठी एक आडाखा आहे. एक पत्ता यायचा असेल तर आउट्सना दोनाने गुणावे, फ्लॉपनंतर दोन्ही पत्ते यायचे असतील तर चाराने. नऊ आउट्सचे अनुक्रमे अठरा आणि छत्तीस होतात. खरे आकडे सुमारे एकोणीस आणि पस्तीस आहेत. चाराचा आडाखा मात्र दोन्ही पत्ते आणखी काही न देता पाहायला मिळणार असतील, म्हणजे कोणी ऑल-इन असेल, तेव्हाच वापरावा. टर्नवर पुन्हा पैसे मोजावे लागणार असतील तर तो फसवतो. पैसे हा शब्द येथेही सवयीने आला. चिंचोके म्हणायचे होते.

बनाव, म्हणजे ब्लफ, याच हिशेबाचे दुसरे टोक आहे. वीसच्या पॉटमध्ये काहीही नसताना दहा लावले, तर तिनांतून एकदा समोरचा फोल्ड झाला तरी तोटा होत नाही. समोरचा कधीच फोल्ड करत नसेल तर ब्लफ करू नये, एवढेच नवख्याला पुरे.

वही आणि एकट्याचा सराव

प्रत्येक बैठकीत दोन-तीन अवघड डाव वहीत टिपावेत, आणि टिपताना निकाल लिहू नये: पत्ते कोणते, जागा कोणती, पॉट किती, द्यायचे किती, काय केले आणि का. निकाल दिसला की मन त्याच्याच बाजूने साक्ष देऊ लागते. हातातले दोन एक्के समोरच्या दोन राजांकडूनही शंभरात सुमारे अठरा वेळा हरतात. त्या अठरा वेळांपैकी एकदा हरलेल्याने चूक केली असे म्हणता येणार नाही.

घरी कोणी नसेल तेव्हा वरचाच डाव मांडून पाहावा. राजा-दश्शी आणि फ्लॉपचे तीन पत्ते बाजूला ठेवून उरलेले सत्तेचाळीस पिसावेत, दोन उलटावेत, इस्पिक आले की खूण करावी, आणि हे शंभर वेळा करावे. पस्तीसच्या आसपास खुणा अपेक्षित असतात, पण पंचवीस ते पंचेचाळीस यांच्या दरम्यान काहीही येऊ शकते, आणि ही ओढाताण डोळ्यांनी पाहणे हाच या सरावाचा लाभ आहे. ज्यांना इंग्रजी व्याख्याने ऐकता येतात त्यांच्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने २०१५ मधील पोकरचा छोटा अभ्यासक्रम विनामूल्य उपलब्ध ठेवला आहे. पैशाशिवाय शिकता येत नाही, असे अजूनही कोणी म्हणत असेल तर त्याला प्लुरिबसची गोष्ट सांगावी: २०१९ मध्ये सहा जणांच्या होल्डेममध्ये व्यावसायिक खेळाडूंवर मात करणारा हा संगणकीय कार्यक्रम स्वतःच्याच प्रतींशी खेळून शिकला होता.

मोबाइलवरचे फुकट पोकरचे खेळ मी पूर्णपणे टाकाऊ मानत नाही. हात पटकन ओळखण्याचा वेग त्यांनी वाढतो. निर्णय मात्र तेथे शिकू नयेत, कारण तेथील अनोळखी मंडळी आमच्या पिशवीच्या काळातल्या जिभाऊंसारखीच खेळतात. शिवाय फुकट चिप्स संपल्या की विकत घ्या, असे पाठोपाठ सुचवले जाते. फोनमध्ये खरेदीला कुलूप लावावे, बँकेचा किंवा यूपीआयचा तपशील देऊ नये, आणि जिंकलेले गुण रोख करून देतो म्हणणाऱ्या कोणत्याही खेळाला हात लावू नये.

बैठक संपली की उठण्याआधी थैल्या भराव्यात, बेरीज पाहावी आणि दोन्ही जोडांतले बावन्न-बावन्न पत्ते मोजावेत. चिंचोके सहसा बरोबर भरतात. मक्याचे दाणे चार-दोन कमी भरले तर कोणावर संशय घेऊ नये. ओट्यावर सकाळी चिमण्या येतात.